शिंदीखान्यातले कोरडेमामा

निलंगा तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक शिंदीखान्यात कोरडेमामांची बसायची जागा ठरलेली होती, आणि शिंदीचा एक थेंबही त्यांनी आयुष्यात जिभेवर ठेवलेला नव्हता. दुकानात शिरले की ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. समोर जर्मनची ताटली येई. त्या दिवशी तिथं जे शिजलं असेल ते मामा मन लावून खात, वर तांब्याभर पाणी पीत आणि मिशा पुसून उठत. आजूबाजूला माणसं झुलत असत, रडत असत, एकमेकांच्या गळ्यात पडत असत. मामा मात्र पंगतीला बसल्यासारखे शांत. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण ओल्या जागी बसून कोरडा राहणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांना ‘कोरडे’ केलं, आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की घरी पाहुणे आले तरी कोरड्यांचं घर कुठलं म्हणूनच विचारत येत.

ते आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातल्या जीपचे ड्रायव्हर. मी नुकताच कोकणातून बदली होऊन आलेला कनिष्ठ अभियंता. लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ऑफिस निलंग्यातच भाड्याच्या घरात होतं आणि कपाटं अजून उस्मानाबादहून यायची होती. दारावरच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलेलं होतं, पण ते नीट खरवडलं गेलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही जिल्हे एकदमच वाचता येत. मी एकटा राहत होतो. खानावळीच्या जेवणाला विटलो होतो आणि गावाकडच्या माडीची आठवण येत होती. आमच्याकडे सणासुदीला माडाची ताजी माडी घरातली मोठी माणसंही घेत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. एकदा जीपमध्ये मी सहज विचारलं, “मामा, इथं माडी मिळते का हो?”

“माड कुठला आनू साहेब हितं?” मामा म्हणाले. “शिंदी हाय. ओढ्याकाठची झाडं असत्यात, खजुरावानी. चला की. पर एक ठरवून घेऊ. तुमी प्यायचं, म्या खायचं.”

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी तालुक्यातले शिंदीखाने पालथे घातले. कामाच्या गावाहून परत येताना वाटेत जे दुकान लागेल तिथं थांबायचं. मला कळत गेलं की शिंदी ही एक वस्तू नाही. सकाळी झाडावरून उतरलेली गोड असते आणि नारळपाण्याला लाजवते. उन्हं वर आली की तिला फेस धरतो, दुपारी ती आंबते आणि नाकात चढते. तेरणेकडची हलकी असते, कर्नाटकाच्या बाजूची दाट. मी पेल्यातली चव घेत होतो तेव्हा मामा ताटलीतली घेत. या दुकानात हुलग्याच्या घुगऱ्या खायच्या, त्या दुकानात वजडी. अमक्या ठिकाणी उडदाचं घुटं चांगलं पण भाकरी जाड असते, हे सगळं त्यांच्या बोटावर होतं. त्यांचा एक सिद्धांत होता. “जिथं खायला बरं, तिथली शिंदी बी बरी. भेसळ करनाऱ्याला चुलीपुढं बसायची उठाठेव कामून लागती?”

या सिद्धांतात पहिला नंबर राजाक्काचा. औरादच्या रस्त्याला ओढ्याच्या काठी तिचं दुकान होतं, म्हणजे कुडाच्या दोन खोल्या आणि पुढं पाचटाचा मांडव. नवरा मल्लाप्पा कमरेला दोर बांधून झाडावर चढे आणि गाडगी उतरवी. ती ओती आणि रांधी. घरात दोघं कानडी बोलत. आम्ही दिसलो की ती पदर खोचत म्हणे, “बर्री साहेब, कूड्री.” या आणि बसा, एवढं कानडी मला तिच्यामुळेच आलं. तिची अंबाडीची भाजी मी अजून विसरलेलो नाही. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून करडीच्या तेलात करपू लागलेल्या लसणाची फोडणी. आंबट शिंदीवर आंबट भाजी कशी चालेल असं वाटे, पण चाले. मामा त्या भाजीचे चार घास खाल्ल्यावर डोळे मिटत. एकदा मी थट्टेनं म्हटलं, “मामा, इथं पिणाऱ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त चढते.”

मामा हसले आणि म्हणाले, “आमच्या आईच्या हातची याद येती. ती बी अशीच करायची. बाप मातर तवा शुद्धीत नसायचा.”

वडिलांची गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली, आणि दरवेळी तेवढ्याच अभिमानानं. वडील गावकीच्या कामात पिचलेले, भयंकर पिणारे. छपन्न साली गावातली काही माणसं नागपूरला गेली, त्यांत तेही होते. परत आले तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते. घरात येऊन त्यांनी शिंदीचं गाडगं उचललं, अंगणात आणून दगडावर फोडलं आणि पाच शीलं म्हणून दाखवली. पाचवं शील मद्याचं. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. “एका दिसात, साहेब,” मामा स्टिअरिंगवर हात आपटून म्हणत. “एका दिसात मानूस बदलला. सोडायचं मनलं की सुटतंय. मन पायजे निस्तं.”

मग हा माणूस शिंदीखान्यात का बसतो, हे मला बरेच दिवस कळलं नाही. जेवणाची आवड म्हणावी तर मामांच्या घरच्या जेवणालाही काही कमी चव नव्हती. एका दुपारी राजाक्काच्या मांडवात आम्ही बसलो असताना मामा अर्ध्या घासावरून उठले. बाहेर रस्त्यावरून एक उंच, सडपातळ तरुण येत होता. मामांना पाहून तो थबकला आणि तसाच मागं वळला. मामा त्याच्या मागं गेले, दंडाला धरून त्याला जीपमध्ये बसवलं आणि मला म्हणाले, “साहेब, हा मिलिंद. माझा धाकटा भाऊ. याला घरी सोडून जाऊ.” वाटभर भाऊ खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

त्याला सोडल्यावर मामा बोलले. वडील गेले तेव्हा मिलिंद पाळण्यात होता. मामांनीच त्याला वाढवला. मॅट्रिक केला, लग्न लावून दिलं. रोजगार हमीच्या कामावर तो हजेरी घ्यायला लागला आणि तिथल्या माणसांबरोबर बसता बसता पिऊ लागला. एक छोटी मुलगी होती, सुजाता. कामावरून सुटला की तो कुठल्या दुकानात सापडेल याचा नेम नसे, म्हणून मामा सगळ्या दुकानांवर फिरत. “निस्तं बसलेल्याला कोन बसू देतंय?” मामा म्हणाले. “मालक मनतो, गिऱ्हाईक बिचकतंय तुमच्यानं. पर मानूस खात असला की त्यो बी गिऱ्हाईकच. मनून खातो.” थोड्या वेळानं ते पुढं म्हणाले, “आता चटक लागली ती लागलीच, खोटं कशाला बोलू.”

त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्याच्या पुढचाही. आमची जीप दिवसभर टँकरच्या मागं धावू लागली. विहिरींचे तळ दिसू लागले. आम्ही बोअरसाठी जागा दाखवत होतो आणि बोअरमधून नुसती भुकटी उडत होती. ओढे आटले तशी ओढ्याकाठची झाडंही आटली. मल्लाप्पा सकाळी झाडावर चढे आणि तळाशी ओंजळभर रस असलेली गाडगी घेऊन उतरे. पण दुकानं बंद पडली नाहीत. उलट दुष्काळी कामांवर माणसं गोळा झाल्यामुळे गिऱ्हाईक वाढलं होतं. शिंदीचा गुत्ता, म्हणजे विक्रीचा सरकारी ठेका, ज्यानं घेतला होता तो गुत्तेदार टेंपोतून पिंपं पाठवू लागला. त्या पिंपांतली शिंदी सकाळ-दुपार-संध्याकाळ एकाच चवीची असे. मी पहिल्यांदा ती तोंडात घेतली आणि जीभ बधिर झाली.

“थुंका,” मामा म्हणाले. “ही झाडाची न्हाई. पान्यात साखर आन् गुंगीची पूड हाय ही.”

राजाक्का चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही. त्या दिवशी भाजी नव्हती. नुसते फुटाणे होते. अंबाडी कुठून आणायची, पाणी कुठंय, असं ती पुटपुटली. मग पिंपाकडे बघून म्हणाली, “न्हाई घेतलं तर दुकान दुसऱ्याला देतो मनला गुत्तेदार. आमी काय करावं मामा?”

माणसं बदलत गेली. पूर्वी शिंदी पिऊन लोक बडबड करत, भांडत, गाणी म्हणत. आता ती माना खाली घालून गप्प बसत. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभी राहत, हातपाय थरथरत असत. मल्लाप्पाही त्यांच्यातलाच झाला; झाडावर चढणं त्याला जमेना. मिलिंदची नोकरी गेली. मामा त्याला एका दुकानातून उठवून घरी आणत आणि तासाभरात तो दुसऱ्या दुकानात असे. मामांचं जेवण तुटलं. ताटली समोर येई, ते ती चिवडत बसत, आणि नजर दारावर.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, “साहेब, आबकारीच्या हापिसात गेलं तर ऐकत्यात का?” मी म्हटलं, ऐकायला पाहिजे. ते एकटेच लातूरला गेले. साहेबापुढं उभं राहून त्यांनी गावांची नावं सांगितली, पिंपं कुठं उतरतात ते सांगितलं, स्वतःचं नावही सांगितलं. कारवाई खरोखर झाली. एका सकाळी गाड्या आल्या, पिंपं ओतून टाकली गेली, दुकानांना सील लागलं. गुत्तेदार पळाला. मामा ऑफिसात आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. “तालुका कोरडा केला बघा,” ते म्हणाले. “आता हाल हुतील दोन दिस. मंग सुटंल. आमच्या बापाची सुटली तशी सुटंल.”

मिलिंदला त्यांनी स्वतःच्या घरी आणून ठेवलं. पहिल्या दिवशी तो नुसता घामाघूम होता. दुसऱ्या दिवशी त्याला झोप लागेना, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून तो हातानं भिंत झाडू लागला. मामा त्याच्याजवळ बसून होते, त्याचे हात धरून म्हणत होते, “जरासक कळ काढ. जरासक.” शेजारपाजारचे म्हणाले, बाहेरचं काही लागलं असेल. मामांनी त्यांना हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जीपची किल्ली घ्यायला त्यांच्या घरी गेलो, तर अंगणात आरडाओरडा चालला होता. मिलिंद जमिनीवर पडला होता, अंग धनुष्यासारखं वाकलं होतं आणि तोंडाला फेस आला होता.

जीप मी चालवली. मामा मागं बसले होते, भावाचं डोकं मांडीवर घेऊन. त्याची बायको कमल पायांशी बसली होती. रस्ता खराब होता, मी सावकाश चालवू की जोरात, हेच मला कळत नव्हतं. दर थोड्या वेळानं मागून झटक्यांचा आवाज येई आणि मामांचा: “झालं बघ बाबा, आलं लातूर. आलं.” औशाच्या अलीकडे तो आवाज थांबला. मी आरशात पाहिलं. मामांनी आपलं उपरणं मिलिंदच्या तोंडावर ओढलं नव्हतं; त्या उपरण्यानं ते अजून त्याच्या कपाळाचा घाम पुसत होते. पण त्यांना कळलं होतं. कमललाही कळलं होतं. मी जीप थांबवली नाही.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात जागा नव्हती. गावोगावची माणसं जमिनीवर पडली होती, काहींना बायकांनी पदरानं बांधून ठेवलं होतं. डॉक्टर तरुण होते, दोन दिवस झोपलेले दिसत नव्हते. मिलिंदला तपासून त्यांनी मान हलवली आणि मग हळू आवाजात समजावून सांगितलं. ती पूड अंगात भिनली की शरीर तिच्यावर चालायला लागतं. एकदम तोडली तर मेंदू बंड करतो. हळूहळू कमी करावी लागते, औषधं देऊन, दवाखान्यात ठेवून.

मामांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “मंजे काल एक गिलास पाजला असता, तर?”

डॉक्टर म्हणाले, “कदाचित इथपर्यंत आला असता.”

अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. त्याच्या पुढच्या सकाळी मामा ऑफिसात आले. दाढी वाढलेली, कपडे तेच. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून जीप मागितली. कुठं जायचंय विचारल्यावर म्हणाले, “गावं मला म्हाईत हायत. कोन कुठं बसत हुता त्ये बी म्हाईत हाय.” मी त्यांच्याबरोबर निघालो.

पहिल्यांदा आम्ही राजाक्काकडे गेलो. सील लागलेल्या दुकानामागच्या खोलीत मल्लाप्पा बाजेवर कुडकुडत पडला होता, ऐन उन्हाळ्यात गोधडी पांघरून. त्याचे डोळे फिरले होते. मामांनी राजाक्काला एकच प्रश्न विचारला, “काय ठिवलीस का मागं?” ती घाबरली. मामा म्हणाले, “मी पकडायला न्हाई आलो.” तेव्हा तिनं कडब्याच्या गंजीखाली लपवलेला, धाडीच्या भीतीनं नवऱ्यालाही न दिलेला डबा काढून आणला. मामांनी डबा तिच्या हातातून घेतला. ज्या माणसानं शिंदीच्या पेल्याला कधी बोटही लावलं नव्हतं, त्यानं पितळीत थोडी शिंदी ओतली, मल्लाप्पाची मान उचलली आणि लेकराला दूध पाजावं तशी घोटाघोटानं पाजली.

राजाक्काच्या तोंडून निघालं, “मामा, तुमी हात लावलाव?”

“शील माझं हाय,” मामा म्हणाले. “जीव त्याचा हाय. धर, उचल त्याला, गाडीत घाल.”

असे आम्ही कितीतरी जण लातूरला नेले. टँकरच्या फेऱ्या मी दुसऱ्यांवर सोपवल्या. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा काय सांगितलं ते आता आठवत नाही. डॉक्टरांनी मामांना दाखवून दिलं होतं की वाटेपुरतं किती द्यायचं, आणि तेवढंच ते देत, वर एक घोट नाही. कुणी जास्तीसाठी शिव्या देई, कुणी पाय धरी. काही घरांत त्यांना दारातच अडवलं. “तूच बंद केलास ना? आता कशाला आलास?” असं एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं. मामा म्हणाले, “हाव, म्याच केलं. मनूनच आलो. पोरगं कुठाय?” सगळे वाचले असं म्हणता येणार नाही. मल्लाप्पा वाचला.

त्यानंतर मामा शिंदीखान्यात गेले नाहीत. पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला, दुकानांना नवा गुत्तेदार मिळाला, ओढ्याकाठी पुन्हा गाडगी लटकू लागली. राजाक्का रस्त्यावर जीप दिसली की हात करी. मामा थांबत, तिची विचारपूस करत, पण खाली उतरत नसत. वडिलांची गोष्टही त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाले, “बाप एकटा न्हवता ओ साहेब. त्याच्या संगट सगळा गाव सोडीत हुता. रोज सांजच्याला सगळे एका जागी बसायचे, वंदना घ्यायचे, एकमेकांकडं बघायचे. मी एवढंच बघितलं की गाडगं फुटलं.”

कमल मुलीला घेऊन मामांच्याच घरात राहिली, पण बरीच वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढी आणि आत जाई. मामांनी तिला कधी बोल म्हटलं नाही. सुजाताला त्यांनी शिकवलं. माझी बदली झाली तेव्हा ती शाळेत होती. बस स्टँडवर मामांचं बोट धरून मला पोचवायला आली होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त लातूरला गेलो तेव्हा वाट वाकडी करून निलंग्याला उतरलो. मामा निवृत्त झाले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, ऐकायला कमी येत होतं. सुजाता लग्न होऊन उदगीरला असते, ती माहेरी आलेली होती. तिनंच आम्हाला वाढलं. पिठलं होतं, ठेचा होता. कमल आत चुलीपाशी. बोलता बोलता सुजाता ताटासमोर बसली आणि मला म्हणाली, “साहेब, तुम्ही होता ना तेव्हा? माझ्या सासरी लोक म्हणतात बाबा शिंदीनं गेले. इथं कुणी म्हणतं, दुकान बंद झालं म्हणून गेले. आई बोलत नाही. काकांना विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.”

मी मामांकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी घास ताटात ठेवला.

“दुकान म्या बंद केलं, बाई,” ते म्हणाले. “लातूरला जाऊन, नाव सांगून. मला वाटलं एका दिसात सुटंल. तुझ्या बापानं मागितली माझ्याकडं. दुसऱ्या दिशी, हात जोडून. म्या न्हाई दिली. दिली असती तर कदाचित दवाखान्यापत्तुर आला असता. कुनी कायबी सांगू दे, खरं हे हाय.”

आतला चुलीचा आवाज थांबला होता. सुजाता उठली आणि आत गेली. मामा तसेच, ताटाकडे न बघता. मला वाटलं, आता ती बाहेर येणार नाही, आईसारखीच ही पण वर्षानुवर्षं बोलणार नाही. मी हात धुवायला उठणार तेवढ्यात ती आली. तिच्या हातात तव्यावरची भाकरी होती. ती तिनं मोडली, अर्धी मामांच्या ताटात ठेवली, त्यावर तेल सोडलं.

“खा काका,” ती म्हणाली. “निवंल.”

मामांनी हात पुढं केला, पण घास काही मोडता येईना. तेव्हा आतून कमलचा आवाज आला. तिचा आवाज त्या घरात मी तोवर ऐकलाच नव्हता. “भावजी,” ती म्हणाली, “जेवून घ्या.”